मुंबईत ताजी, इथलीच मासळी जेवायला कुठे न्यावं? (वडिलांना घेऊन येतोय)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन मुंबईला येतोय. गुरुवारी दुपारी पोचू, रविवारी संध्याकाळी निघू. मुक्काम दादरला चुलतभावाकडे. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. १९८६ पर्यंत ते गिरगावात चाळीत राहायचे, मग सांगलीला आले ते इथलेच झाले. सांगलीत मासे मिळत नाहीत असं नाही, रत्नागिरीहून गाड्या येतात. पण बाबा बाजारात जातात, कल्ले उचलून बघतात आणि दहातल्या सात वेळा रिकामी पिशवी घेऊन घरी येतात.

गेल्या वर्षी त्यांना मुंबईतल्याच एका नावाजलेल्या हॉटेलात नेलं होतं. पापलेट मागवलं. दिसायला सुरेख, वर रव्याचा कुरकुरीत थर. बाबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि हात आवरता घेतला. "बर्फातला आहे रे. कापसासारखा लागतोय," एवढंच म्हणाले. बिलाचं मला काही वाटलं नाही, पण परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत, ते फार लागलं. मुंबईची मासळी खायला म्हणून ते चार महिने दिवस मोजत होते.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. झगमगाट नको, खूप जिने नकोत, चव आणि ताजेपणा हवा. पापलेट-सुरमईचा आग्रह नाही. उलट बाबा म्हणाले, "मुडदुशी मिळाली तर बघ. नाहीतर बोंबील." जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्लाझासमोर

दादरलाच उतरताय म्हणजे निम्मं काम झालं. रा. के. वैद्य रस्त्यावरचं सिंधुदुर्ग, शिवाजी पार्कच्या बाजूचं चैतन्य आणि गोमांतक, तिन्ही दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात आहेत. सिंधुदुर्ग आणि चैतन्य मालवणी वळणाची, गोमांतक नावाप्रमाणे गोव्याकडचं. तिन्हीकडे घरच्यासारखं जेवण असतं. जिन्यांचं फोन करून विचारून घ्या. दुपारी साडेबाराच्या आत पोचा, एकनंतर थांबावं लागतं आणि वयस्क माणसाला उभं ठेवणं बरं नाही.

गिरगावचा जुना

तुमचे बाबा १९८६ पर्यंत गिरगावात होते म्हणजे खोताच्या वाडीतलं अनंताश्रम त्यांना नक्की ठाऊक असणार. ते बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही विद्यार्थी असताना महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथे जेवायचो. फळ्यावर त्या दिवशी जे असेल तेच लिहिलेलं. जे संपलं ते पुसलं जायचं. पुसलेल्या पदार्थाबद्दल कुणी हुज्जत घालत नसे.

तुम्ही हॉटेल शोधताना हा फळा डोक्यात ठेवा. बारा महिने तेरा काळ जिथे सगळेच मासे "आहेत" असं सांगतात तिथे शीतपेटी मोठी आहे, एवढाच त्याचा अर्थ. जिथे वाढणारा म्हणतो की "आज मुडदुशी नाही, सौंदाळे बरे आलेत", तिथे निर्धास्त बसावं.

वेसावकरीण

कृष्णाकाठ दादा, तुमचं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. आम्ही वेसाव्याचे, म्हणजे तुम्ही वर्सोवा म्हणता ते. घरची डोलीची बोट आहे. हॉटेलांची नावं इतर सांगतीलच, मी बंदरावरून सांगते, कारण ताजं म्हावरं हॉटेलात ठरत नाही, बोटीत ठरतं.

मोठे ट्रॉलर आठ-दहा, कधी पंधरा दिवस बाहेर असतात. पहिल्या दिवशी पडलेलं म्हावरं बंदराला लागेपर्यंत तेवढ्या दिवसांचं जुनं झालेलं असतं. नीट बर्फ लावला तर ते खराब नसतं, पण ताजंही नसतं. पापलेट, सुरमई, हलवा ही महागडी मासळी पुष्कळदा अशीच येते, आणि हॉटेलात गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं.

डोलीचं वेगळं. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबच लांब जाळं, समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीनं म्हावरं आपणहून आत शिरतं. बोट जाते, डोल उचलते, परत येते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, ढोमे हे सगळं डोलीचं. सकाळी किनाऱ्याला लागलेला बोंबील दुपारी ताटात असू शकतो. मुंबईत "इथलं आणि आजचं" खायचं तर ते हे.

म्हणून माझी एक खूण लक्षात ठेवा. कुठल्याही हॉटेलात आधी बोंबील मागवा. बोंबलात पाणीच फार, त्याला लपवाछपवी सोसत नाही. शिळा बोंबील तळला की पीठ वेगळं आणि मासा वेगळा होतो, आतून पाणचट लगदा निघतो, वासही येतो. ताजा असेल तर वर कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा, काट्यासकट खाता येतो. बोंबील चांगला निघाला तर बाकीची ऑर्डर द्या. नसेल तर सोलकढी पिऊन उठा.

दुसरं, पंचांग बघून या. पुनव-अवसेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, डोली भरतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, म्हावरं कमी आणि भाव चढा. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, खायच्या तर आमच्याकडच्या बाया सांगतात, अवसेच्या सुमारास घ्या, भरलेल्या मिळतात.

मालवणी मुलूख

वेसावकरीण ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळे वीस वर्षं परळला.

सुरमईबद्दल मात्र थोडं वेगळं सांगतो. सगळी सुरमई ट्रॉलरची नसते. आमच्याकडे छोट्या होड्यांवर गळाला लागलेली सुरमई त्याच दिवशी लिलावात जाते, बर्फात भरून रातोरात मुंबईला निघते. ती दुसऱ्या दिवशी दादरला कापली तर उत्तमच लागते. तुकडा बघून कळतं. ताज्या सुरमईचा तुकडा घट्ट, कडा चिकटून, मधल्या काट्याजवळ रक्त लालभडक. काट्यापासून मांस सुटायला लागलेलं, रक्त तपकिरी झालेलं दिसलं की हात लावू नका.

तुम्ही डिसेंबरात येताय तर बांगडा विसरू नका. पावसाळ्यानंतर बांगडा अंगानं भरतो. मालवणी हॉटेलात तळलेला बांगडा सगळेच मागतात, तुम्ही बांगड्याचं तिखलं आहे का ते विचारा. दाटसर लाल वाटण, आमसुलं आणि तिरफळं. तिरफळ ठेचून घालायचं, खायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं. बांगड्याच्या तेलकटपणाला तिरफळाइतकं दुसरं काही मानवत नाही. बरोबर गरम भात. वडे कोंबडीच्या सागोतीबरोबर, माशाबरोबर भात किंवा भाकरी.

चैतन्य हे मालवणातल्या चैतन्यवाल्यांचंच. तिथे मला गावची चव मिळते. पार्ल्याला कधी गेलात तर पूर्वेला गजाली. तिथली तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कोशिंबीर वेगळीच चीज आहे. गजाली म्हणजे आमच्या भाषेत गप्पा.

खाडीपल्याड

हायवे गोमांतक राहिलं की! वांद्रे पूर्वेला, गांधीनगरजवळ, महामार्गाच्या अगदी कडेला. साधी बाकडी, जेवण झटपट. माझ्या मते तिथली तळलेली मांदेली आणि हुमण (गोव्याकडची माशाची आमटी) यांना तोड नाही.

दोन वेळचं ताट

एक कळकळीची सूचना. मेन्यूकार्डावर जिथे "आकारानुसार" किंवा "बाजारभावाने" लिहिलेलं असतं तिथे ऑर्डर देण्याआधी आकडा विचारा आणि मासा कच्चा दाखवायला सांगा. आम्ही आईच्या वाढदिवसाला एका ठिकाणी खेकडा मागवला, विचारायचं राहिलं. बिल आलं तेव्हा आईने ते माझ्या हातातून घेऊन पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंदच गेला. पैसे देऊ शकत होतो आम्ही, पण तिला अपराध्यासारखं वाटलं. हॉटेलाचं नाव लिहीत नाही. दर विचारण्यात कमीपणा कसला, मासळीबाजारात आपण विचारतोच ना?

मासा दाखवायला सांगितल्यावर काही हॉटेलं आनंदाने ताट घेऊन येतात. कुरकुर झाली तर समजून जायचं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना अनंताश्रमाचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ फळ्याबद्दल बोलत होते. बंद झाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, ते ऐकून क्षणभर थांबले, मग म्हणाले, "मग आता गिरगावात जाऊन काय करायचं? दादरलाच बघू."

एक शंका. आम्ही गुरुवारी येतोय आणि तेव्हा मार्गशीर्ष असेल. गुरुवारी बरेच जण खात नाहीत. मग हॉटेलात आदल्या दिवशीचं वाढतात का?

प्लाझासमोर

शंका रास्त आहे. मराठी वस्तीत बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. या दिवशी माल जास्त येतो आणि संध्याकाळपर्यंत उठतो. गुरुवारी बाजार थंड असतो. गुरुवारी वरण-भात, तूप-लिंबू खा, विश्रांती घ्या. शुक्रवारी दुपारी हॉटेल. रविवारी जाऊ नका, गर्दीने जीव नकोसा होतो.

सोड्याची खिचडी

मी थोडं वेगळं सुचवू का? तुमचा मुक्काम भावाच्या घरी आहे. वहिनींना त्रास होणार नसेल तर एक जेवण हॉटेलात आणि एक घरी करा. बाबांना मुडदुशी हवी आहे. हॉटेलात मुडदुशी नशिबानेच मिळते, कारण येते कमी आणि बाजारातूनच उचलली जाते. ती हवी असेल तर शनिवारी सकाळी साडेसातला सिटीलाइटच्या बाजारात जा. पाटीवर नाव गोपी टँक मंडई आहे, पण सिटीलाइट म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर नेतो. बाबांना बरोबर न्या. घेतील तेच निवडून. मुडदुशी त्यांच्या वयाला चांगली, मांस पांढरं, हलकं, आणि मधला काटा सरळ निघून येतो. फक्त हळद-मीठ-तिखट, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. आलं-लसणाचं वाटणही नको, तिची स्वतःची गोडी जाते.

बोंबील घरी करायचे असतील तर दबडून करा. माझ्या सासूबाईंची पद्धत सांगते. डोकं-शेपटी-पर काढून बोंबील पोटाकडून उभा चिरायचा, पुस्तकासारखा उघडायचा. स्वच्छ धुऊन हळद-मीठ लावायचं. परातीत जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पसरायचा, त्यावर बोंबील एकाशेजारी एक, वर दुसरा तुकडा, त्यावर पाट आणि पाटावर वरवंटा. अर्धा तास. परात एका बाजूने थोडी उचलून ठेवायची म्हणजे पाणी खाली जमतं. उघडून बघाल तेव्हा बोंबील निम्म्याने पातळ झालेला असतो आणि बोटाला चिकटत नाही. मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, चिंचेचा कोळ, तांदळाचं पीठ आणि सढळ तेल. तव्यावर घातल्यावर पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. बोंबील मोडतो तो घाईने.

आजकाल घरोघरी वरवंटा नसतो. पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं तरी चालतं.

निळी बोट

सोड्याच्या खिचडीला +१. बाजारात ताजेपणा कसा ओळखायचा ते बाबांना सांगायला नकोच, पण इथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. मी दर शुक्रवारी भाऊच्या धक्क्यावर जातो, पहाटे साडेचारला.

पापलेट: डोक्याजवळ, कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबा. दुधासारखं पांढरं पाणी आलं तर ताजं. पिवळट किंवा लालसर आलं तर सोडून द्या.
बोंबील: अंगावर चकाकी, जबड्याशी गुलाबी छटा, हातात धरला तर ताठ. काळपट, लिबलिबीत नको.
कोळंबी: डोकं धडाला घट्ट हवं. डोकं लोंबकळत असेल किंवा काळं पडलं असेल तर शिळी.
चिंबोरी: जिवंत घ्या आणि दोन हातांत दोन धरून बघा. जड ती भरलेली.
तिसऱ्या: तोंड मिटलेलं हवं. उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत.

भाऊचा धक्का आणि कुलाब्याचा ससून डॉक ही मुंबईची मोठी बंदरं. ससून डॉक १८७५ चा. शहरातली बरीच हॉटेलं आणि पाट्या घेऊन बसणाऱ्या कोळणी पहाटे इथूनच माल उचलतात. वयस्क माणसाला मात्र तिथे नेऊ नका. सगळीकडे पाणी आणि बर्फाचा चिखल, हातगाड्यांची धावपळ, पाय घसरायला एक क्षण पुरतो.

परदेशी पाऊस

मी दुबईला असतो, सुट्टी जुलैतच मिळते. हा धागा वाचून तोंडाला पाणी सुटलं आणि वाईटही वाटलं. जुलैत मुंबईत काय खावं?

वेसावकरीण

दादा, १ जून ते ३१ जुलै आमच्या बोटी बंद असतात. ६१ दिवस. म्हावऱ्याच्या विणीचा काळ आहे तो, आणि समुद्रही खवळलेला. यांत्रिक बोट बाहेर काढायची नाही असा सरकारचा नियम आहे, पण कायदा नव्हता तेव्हाही आमचे आजे-पणजे नारळी पुनवेला सोन्याचा नारळ दिल्याशिवाय दर्यात जात नव्हते.

जुलैत तुम्हाला हॉटेलात पापलेट-सुरमई मिळेल, पण ती एकतर मे महिन्यातली गोठवलेली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरची. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आमची चालू असताना त्यांची उठलेली असते. वाईट असते असं नाही, पण मुंबईची नाही.

पावसात खाडी खायची. खाडीतल्या चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. दिसायला बरा नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्याचं आंबट कालवण आमच्याकडे बाळंतिणीलासुद्धा देतात. आणि सुकं म्हावरं! एप्रिल-मेमध्ये वलांडीवर वाळवलेले बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा. बाहेर धो धो पाऊस, घरात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची गरम भाकरी, याला मुंबईची मासळी म्हणतात. कोळीवाड्यात ओळख काढा, जेवू घातल्याशिवाय कोणी पाठवणार नाही.

खाडीपल्याड

नवी मुंबईकरांसाठी: बेलापूरला दिवाळे कोळीवाडा. खाडीची कोळंबी आणि चिंबोऱ्या तिथे घ्या.

दोन वेळचं ताट

रावस कुणी लिहिला नाही. मला फार आवडतो.

मालवणी मुलूख

रावस अप्रतिमच, पण आता खरा रावस क्वचित येतो आणि महाग असतो. बऱ्याच ठिकाणी रावस म्हणून बासा गळ्यात मारतात. बासा म्हणजे गोड्या पाण्यात वाढवलेला, परदेशातून गोठवून येणारा मासा. पांढराशुभ्र, एकसारखा, बिनवासाचा, बिनकाट्याचा तुकडा आला तर शंका घ्या. रावसाला त्वचा असते, पदर असतात, चव असते. "कातडीसकट वाढा" असं सांगायचं, हा साधा उपाय.

वेसावकरीण

रावसाचं निघालं म्हणून पोटातलं बोलते. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार सरकारने ठरवला, पापलेटचा १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचं नाही. तरी हॉटेलात तळहाताहून लहान पापलेटांची थाळी मिळते, लोक हौसेने खातात. त्या पिल्लाने एकदाही अंडी घातलेली नसतात. माझ्या सासऱ्यांच्या बोटीला जेवढं पापलेट लागायचं त्याच्या चौथाईही आज आमच्या बोटीला लागत नाही. हात जोडून सांगते, लहान पापलेट समोर आलं तर परत करा. गिऱ्हाईकाने नाही म्हटलं की हॉटेलवाला घेणार नाही, आणि हॉटेलवाल्याने घेतलं नाही की बारीक भोकाचं जाळं कोणी टाकणार नाही.

बोंबील खा, मांदेली खा, बांगडे खा. तुमचंही पोट भरेल आणि आमच्या छोट्या बोटीही चालतील.

गिरगावचा जुना

ताई, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा. फार महत्त्वाचं आहे.

सोड्याची खिचडी

कृष्णाकाठ, आणखी एक. शनिवारी संध्याकाळी बाबांना उत्साह असेल तर माहीम कोळीवाड्यात रेतीबंदराच्या बाजूला कोळी बायकांचे बचतगट मासळीचे स्टॉल लावायचे, शनिवार-रविवार संध्याकाळी; हल्ली चालू आहेत का ते आधी विचारून घ्या. समोर समुद्र, सागरी सेतूचे दिवे. घरात करतात तोच मसाला तिथे असतो. थोडं तिखट असतं, बाबांसाठी आधी सांगून कमी करून घ्या. वेसाव्याचा कोळी महोत्सव जानेवारीच्या आसपास असतो, तो तुम्हाला या खेपेला नाही जमायचा.

कृष्णाकाठ

मंडळी, काल रात्री सांगलीला पोचलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलं होतं.

गुरुवारी वरण-भात खाल्ला. शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला सिंधुदुर्गमध्ये. वेसावकरीण ताईंचं ऐकून आधी फक्त बोंबील मागवले. ताट आलं तेव्हा माझीच छाती धडधडत होती. बाबांनी बोंबलाचं टोक मोडलं, ते कुरकुरीत मोडलं, आतून वाफ आली. तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मग मला म्हणाले, "बांगडा सांग." म्हणजे परीक्षेत पास! बांगड्याची आमटी आली, सोलकढी दोनदा घेतली. जेवण होईपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही. पण या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं.

खरी गोष्ट शनिवारची. सकाळी सातलाच बाबा तयार, पायात चप्पल घालून दाराशी उभे. सिटीलाइटला पोचलो. मला वाटलं होतं की गर्दीत ते गोंधळतील. ते एकेका कोळणीपुढून हळूहळू पुढे जात होते, काही न बोलता, फक्त पाट्यांकडे बघत. चौथ्या की पाचव्या ठिकाणी थांबले. तिच्यापुढे पापलेट होतं, हलवा होता. बाबांनी त्यातल्या कशाचाच भाव विचारला नाही. विचारलं, "बाय, आज काय आलंय?"

त्या बाईंनी वर बघितलं. साठीच्या असतील. हातातला कोयता खाली ठेवला, मागे वळल्या आणि ओल्या गोणपाटाखालून एक छोटी टोपली पुढे घेतली. मुडदुशी. वीतभर लांबीच्या, अकरा. अंगावर फिकट पिवळसर झाक, डोळे काचेसारखे. बाबांनी एक उचलली, शेपटीकडून धरली, ती वाकली नाही. "कुठली?" म्हणाले. "माहीमची. पहाटेची. नेहमीच्या गिऱ्हाईकाला ठेवलीत," बाई म्हणाल्या. बाबा म्हणाले, "मग राहू द्या त्यांची." आणि टोपलीत परत ठेवली.

बाई दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कुठून आलात, बाबा?" मी सांगितलं, सांगलीहून, पूर्वी गिरगावात असायचे. त्यांनी अकरातल्या सहा मोजून आमच्या पिशवीत टाकल्या. "ते रोज खातात," एवढंच म्हणाल्या. भावात एक रुपया कमी केला नाही आणि बाबांनी घासाघीस केली नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वहिनीने फक्त हळद, मीठ, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून तळल्या. बाबांनी चार खाल्ल्या. काटे ताटाच्या कडेला एका रेषेत लावून ठेवले होते, लहानपणी मी ते बघायचो, मधली कित्येक वर्षं विसरलो होतो.

बोंबीलही दबडून केले, पातेल्याखाली. पहिला घाईने मोडला, बाकीचे उत्तम झाले. माहीमला जाणं जमलं नाही, बाबा दमले होते. आता पुन्हा यायचं म्हणतायत. नारळी पौर्णिमेला येऊ का असं विचारतायत.

वेसावकरीण

दादा, वाचताना डोळे भरून आले. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

नारळी पुनवेला म्हावरं खायला येऊ नका, त्या दिवशी पूजा असते, बोटी नंतर दर्यात जातात. त्यानंतर या, उधाण-भांग बघून दिवस मी आधी कळवीन. आणि हॉटेल शोधू नका. वेसाव्याला आमच्या घरी बाबांना घेऊन या, जिना नाही, ओटीवरच पान वाढू.